गिरजाबाईची कवायत

पाण्यातून वर आलो तेव्हा माझ्या पाठीवर टाक्या नव्हत्या. त्या तेरा फूट खाली, तलावाच्या तळाशी पडल्या होत्या. मी काठ धरून खोकत होतो, नाकातोंडात क्लोरिन गेलं होतं, आणि काठावर उभे असलेले आमचे मुख्य प्रशिक्षक चीफ डॉब्स हातातल्या फळीवरच्या कागदावर माझ्या नावापुढे दुसरी फुली मारत होते. पहिली मारताना त्यांनी निदान दोन शिव्या तरी दिल्या होत्या. या वेळी काहीच नाही.

"सोमवारी सकाळी आठ वाजता, डॉक," ते म्हणाले. "तिसरी आणि शेवटची."

फ्लोरिडातली नेव्हीची डायव्हिंग शाळा, एकोणीसशे शहाऐंशी सालचा जुलै. आम्ही सहा डॉक्टर होतो, सगळे नुकतीच रेसिडेन्सी संपवून नेव्हीत भरती झालेले. खोल पाण्यात काम करणाऱ्या डायव्हरांवर उपचार करायचे तर डॉक्टरनं आधी स्वतः डायव्हर व्हायला हवं, असा तिथला नियम. नियम बरोबरच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण बाकीचे पाच जण तिशीच्या आतले, कुणी समुद्रकाठी वाढलेला, कुणी कॉलेजात शर्यती जिंकलेला. आणि मी देवानंद मेश्राम, राहणार मूळचा भंडारा जिल्हा, वय तेहतीस. पोहायला शिकलो अठ्ठाविसाव्या वर्षी, तेही या देशात आल्यावर, वायएमसीएमध्ये सात-सात वर्षांच्या पोरांच्या वर्गात. त्या वर्गात मी सगळ्यांत उंच होतो, तेवढीच काय ती जमेची बाजू.

परीक्षा अशी होती. पाठीवर हवेच्या दोन टाक्या बांधून तलावाच्या तळाशी गुडघे टेकून बसायचं. प्रशिक्षक मागून येतो. डोळ्यांवरचा मास्क ओढून काढतो, तोंडातली हवेची नळी खेचतो, टाक्यांचा कॉक फिरवून हवा बंद करतो, पट्टे सोडतो, तुम्हाला धरून गरगरा फिरवतो. खवळलेला समुद्र जे काही करेल ते सगळं तो करून घेतो. तुम्ही श्वास रोखायचा, एक हात कायम टाक्यांवर ठेवायचा आणि एकेक वस्तू क्रमानं जागेवर आणायची. काहीही झालं तरी टाक्या सोडायच्या नाहीत. टाक्या सुटल्या की तुम्ही नापास, आणि तीनदा नापास झालात की शाळेतून बाहेर.

मी दोन्ही वेळा सोडल्या होत्या.

कपडे बदलून आलो तर चीफ बाकावर माझी वाट बघत बसलेले. लाल तोंडाचा, मानेवर गोंदवून घेतलेला, आवाजानं पत्रा हलेल असा माणूस. मला वाटलं, आता चंपी होणार. पण ते अगदी हळू बोलले.

"तू घाबरत नाहीस," ते म्हणाले. "बावीस वर्षं मी लोकांना बुडवतोय, घाबरलेला माणूस मला कळतो. तो झटापट करतो. मिळेल ते पकडतो, कधीकधी माझा गळासुद्धा. तू उलटं करतोस. माझा माणूस जवळ आला की तू दोन्ही हात मागे घेतोस आणि त्याला वाट करून देतोस. इतका सभ्य माणूस मी आजवर बुडवलेला नाही, डॉक. हे शिकलास कुठे?"

मी म्हणालो, माहीत नाही. आणि खरंच माहीत नव्हतं.

नापास झालो असतो तर जीव जाणार नव्हता, हे कबूल. नेव्हीनं मला कुठल्यातरी तळावरच्या दवाखान्यात घसे आणि गुडघे तपासायला बसवलं असतं. माझी बायको विनीता फोनवर तेच म्हणत होती. ती फार्मसिस्ट, मुलीला घेऊन टेक्सासमध्ये प्लेनोला तिच्या भावाकडे, प्रतापकडे राहत होती. नाही जमलं तर नाही जमलं, क्लिनिकमध्ये बसाल, इतकं सिरियसली काय घेता, असं तिचं म्हणणं. तिथली मराठी मंडळी तर आधीपासूनच माझ्यावर हसत होती. आदल्या वर्षी गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका काकूंनी मला आधी विचारलं, मेश्राम म्हणजे नेमके कुठले तुम्ही? आणि मग विचारलं, चांगली प्रॅक्टिस टाकायची सोडून पाण्यात कशाला उडी मारताय? पहिला प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. दुसऱ्याचं उत्तर मी त्यांना दिलं नाही, मोदक खात बसलो.

ते इथे देतो. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक मजूर आणला होता. जमिनीखाली भुयाराचं काम चालतं तिथे पाणी आत घुसू नये म्हणून दाबलेली हवा भरतात, त्या हवेत खोदकाम करणारा, वय वर्षं सव्वीस. काहीतरी बिघडलं म्हणून घाईनं बाहेर आला आणि रक्तात हवेचे बुडबुडे झाले. कमरेखालचं सगळं गेलं. अशा माणसाला पुन्हा दाबाच्या बंद टाकीत घालून हळूहळू बाहेर आणायचं असतं, हे आमच्या पुस्तकात अर्ध्या पानात दिलेलं होतं. ती टाकी कुठे असते आणि तिथे फोन कुणाला करायचा, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मी नऊ तास त्याच्या उशाशी बसून सलाइन बदलली, दुसरं काय करणार? तो मधूनमधून मला विचारायचा, डॉक्टर, माझे पाय आहेत ना तिकडे? मी हो म्हणायचो. पुढे कळलं की अशी माणसं बरी करायला शिकायचं तर या देशात नेव्हीसारखी दुसरी जागा नाही. म्हणून मला ती शाळा पास व्हायची होती, अगदी जिवाच्या आकांतानं व्हायची होती.

त्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी घरी आलो तेव्हा माय झिंगे निवडत बसली होती.

माझी आई, गिरजाबाई. दोन वर्षांपूर्वी मी तिला इकडे आणली. प्लेनोत तिला करमेना. एवढाली घरं, माणसं सगळी गाड्यांत, गाड्या सगळ्या हायवेवर, दिवसभर चिटपाखरू दिसत नाही. मी फ्लोरिडाला निघालो तेव्हा पोरगा एकटा काय खाईल म्हणून तिनं आपली पिशवी भरूनच ठेवली. नात रडली. विनीता मनातून सुटली असावी, कारण दोघींचं एका ओट्यावर फारसं जुळत नाही. इथे मात्र माय खूश होती. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, मागच्या दाराबाहेर सिमेंटचा चौकोन, कपाटावर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि मासळीच्या दुकानात स्वस्तात मिळणारे बोटाएवढे झिंगे. फक्त शॉवर तिला पटत नव्हता. वरून पाणी पडतं ती काय आंघोळ झाली, म्हणून तिनं मला के-मार्टमधून एक लाल बादली आणायला लावली होती.

मी तोंड धुऊन तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. टाक्या, कॉक, मास्क, दोन फुल्या, चीफ काय म्हणाले ते. मायला डायव्हिंगमधलं काही कळतं असं मी समजत नव्हतो. आपलं मन मोकळं करायचं, एवढंच. ती झिंगे निवडत ऐकत होती. हात मागे घेण्याचं आलं तसे तिचे हात थांबले.

"कसे घेतं मागं? दाखव बरं."

मी उठून दाखवलं. दोन्ही पंजे उघडे, कोपरं अंगाशी, हात खांद्यांपर्यंत मागे, आणि पाऊलही आपोआप मागे पडलं. माय माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं झिंग्यांची परात बाजूला सारली आणि पदराला हात पुसले.

"हे मीच शिकवलं तुले," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. साल असेल अठ्ठावन्न, मी पाच वर्षांचा. बाबा महार रेजिमेंटमध्ये, त्यांची नेमणूक दूर सरहद्दीवर, घरात मी आणि माय. कायदा होऊन गेला होता, नागपूरची दीक्षाही होऊन गेली होती, गावची विहीर मात्र जिथल्या तिथे होती. आम्हाला तिच्यात दोर टाकायची चोरी. भांडं खाली ठेवायचं, लांब उभं राहायचं, आणि वर असलेल्या बायांपैकी कुणाला वाटलं तर ती आपली बादली आमच्या भांड्यात उंचावरून ओतणार. एकदा तशी ओतताना आमची घागर कलली. मी लहान पोर, धावलो, घागर धरायला गेलो आणि माझी बोटं त्या बाईच्या बादलीला लागली. बाईनं बादली तिथेच आदळली. तिच्या घरच्या माणसानं ओल्या दोरानं माझ्या दोन्ही हातांवर मारलं. माय मध्ये पडली तेव्हा तिलाही लागलं.

पण खरं पुढेच आहे. त्या दिवसापासून मायनं मला अंगणात उभं करून शिकवणी सुरू केली. ती स्वतः विहिरीवरची बाई व्हायची. भांडं ठेव. हात मागं. तीन पावलं मागं. माझे हात मागे जायला उशीर झाला की बोटांवर तुराटीची काडी बसायची. मी रडायचो, ती पुन्हा करून घ्यायची. माझ्या हातावर पुन्हा कुणाचा दोर पडू नये, यापलीकडे तिला त्या वेळी काही सुचत नव्हतं.

"एका हप्त्यात शिकला तू," माय म्हणाली. "मोठा हुशार होता."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. दोन वर्षांनी वस्तीनं स्वतःची विहीर खणली, ती आठवते. तिच्यावर मी हात भरून येईस्तोवर पाणी शेंदलं आहे. नागपूरला शिकलो, डॉक्टर झालो, सातासमुद्रापार आलो, इथल्या साहेबांशी हुज्जत घातली. मला वाटत होतं की मी कुणाला वाट करून देणाऱ्यातला राहिलो नाही. मला फार राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. त्या बाईवर काढावा तर तिचं तोंडही आठवत नव्हतं. मायवर तर काढवेना.

"चाल," माय उठत म्हणाली. "बादली घे."

मागच्या दाराबाहेर तिनं मला उभं केलं. बादली काठोकाठ भरून माझ्या हातात दिली, कडी नाही, दोन्ही हातांनी कडा धरायच्या. पाण्यात तुले दिसते का, तिनं विचारलं. मास्क काढल्यावर नाही दिसत, मी म्हणालो. मंग मीट डोळे, म्हणाली. मी मिटले. ती मागून आली आणि बादलीला हिसका दिला. मी धरून राहिलो. बरगडीत बोट खुपसलं, तरी धरून राहिलो. मला हसू यायला लागलं. हे कुणालाही जमेल, मी म्हणालो, तलावात असं नसतं.

तेवढ्यात माझ्या कानाशी एक आवाज आला, जो मायचा नव्हता. चढा, चिरका, तोंड वाकडं करून काढलेला.

"मागं हो रे! मागं!"

बादली खाली. पाणी माझ्या पायांवर, मायच्या लुगड्यावर, सगळीकडे. आणि माझे दोन्ही हात खांद्यांशी, पंजे उघडे. ते मी नेले नव्हते, आपले आपण गेले होते. तेहतीस वर्षांचा माणूस, अमेरिकन नेव्हीचा लेफ्टनंट, ओल्या पँटमध्ये उभा राहून मी रडलो. लाज वाटली, तरी रडलो. मायला म्हटलं, राहू दे, नाही व्हायचं मला डायव्हर, बसतो दवाखान्यात.

"मी शिकवलं ना?" ती म्हणाली. "मंग मीच मोडीन. भर बादली."

गुरुवारी मी सात वेळा बादली सोडली. शुक्रवारी शाळेतून आल्यावर पुन्हा तेच. शेजारच्या गोऱ्या आजीबाई कुंपणावरून बघून गेल्या. त्यांना वाटलं असावं, आमच्यात अशी काही पूजा असते. शनिवारी माझे हात दोनदाच उघडले. मायनं दयामाया कशी ती दाखवली नाही. ती ओरडायची, ढकलायची, डोक्यावर गार पाणी ओतायची, मानेत चापट मारायची. तो आवाज काढून झाला की मात्र आत जाऊन पाणी प्यायची. तो आवाज काढताना तिला काय होत असेल, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी तिनं कमरेला पदर खोचला. मी डोळे मिटून बादली छातीशी धरली. ती कानाशी ओरडली, मी धरून. पुन्हा ओरडली, आणखी घाण ओरडली, मी धरून. मग तिनं बादलीची कड दोन्ही हातांनी धरली आणि सगळा भार टाकून मागे ओढली. माझी बोटं कळा मारत होती. बोटांत पाच वर्षांचं पोर बसलं होतं आणि ते म्हणत होतं, सोड, सोड, दोर येईल. मी त्याला म्हटलं, येऊ दे. आणि एकदम ओढ संपली.

डोळे उघडले तर अर्धी बादली पाणी अजून माझ्याकडे होतं. माय पायरीपाशी सिमेंटवर बसली होती, हात सटकून मागे पडली होती, आणि हसत होती.

"नाही सोडली," ती म्हणाली. "नाही सोडली रे पोरानं."

मी तर नाचायचाच बाकी होतो. बादली डोक्यावर उपडी करून घेतली, आजीबाईंना कुंपणावरून हात केला. मायला उठवायला हात मात्र दिला नाही. ती आपली आपण उठली, आत गेली, म्हणाली, थकवा आला आहे, आज तुझं तूच वाढून घे. मी वाढून घेतलं आणि दोन वेळा भात घेऊन जेवलो. ती अंधार पडायच्या आधीच निजली.

सोमवारी सकाळी निघताना ती दारात आली, पदराखाली हात घेऊन. जय भीम म्हणाली. मीही म्हणालो आणि पळालो.

तलावाचं काय सांगू? पाणी होतं, मी होतो, मागून माणूस आला. त्यानं मास्क नेला, नळी नेली, हवा बंद केली. मग टाक्यांना हात घातला. मला वाटतं, चीफनी त्याला आधीच सांगून ठेवलं असावं, कारण त्या दिवशी त्यानं जास्तच ओढाताण केली. कॉक एकदा उघडला, त्यानं पुन्हा बंद केला. पट्टा बांधला, त्यानं पुन्हा सोडला. छाती फुटायला आली होती. पण एक हात टाक्यांवर होता आणि तिथेच राहिला. एकदा तर त्याचं मनगट माझ्या आड आलं, तेही मी बाजूला ढकललं. शेवटी नळी तोंडात आली, हवा आली, आणि त्यानं माझ्या डोक्यावर दोनदा थाप मारली. म्हणजे झालं, वर ये.

वर चीफ डॉब्स फळी घेऊन उभे होते.

"आज फार उद्धट वागलास, डॉक," ते म्हणाले आणि बरोबरची खूण केली.

घरी गेलो तो जिने नसताना जिने चढल्यासारखा धापा टाकत. दार उघडलं, माय, झालो म्हणून सांगितलं. ती खुर्चीत बसली होती. उठली नाही. चूल पेटलेली नव्हती, घरात फोडणीचा वास नव्हता. हा माझ्या आयुष्यातला पहिला दिवस असेल, की मी घरी आलो आणि मायनं काही रांधलेलं नाही. तिचा उजवा हात ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवलेला होता.

मी टॉवेल काढला. मनगट सुजून दुप्पट झालेलं, हाड सरकून वर आलेलं, बोटं निळसर. शिकाऊ पोरालाही दारातून ओळखता यावं इतकं ते उघड होतं. पडताना तिनं हात टेकला होता आणि तिथेच हाड मोडलं होतं. म्हणजे रविवार संध्याकाळपासून सोमवार दुपारपर्यंत, मोडक्या हातानं, ती त्या घरात होती आणि रात्रभर तिचा डॉक्टर मुलगा शेजारच्या खोलीत घोरत होता. एखादा डायव्हर दुखणं लपवतो तर ते कसं ओळखायचं, यावर आम्हाला आदल्याच आठवड्यात तासभर शिकवलं होतं. मला आपल्या आईचं ओळखता आलं नाही. मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

आणि माणसाची किळस कुठे निघते, तर समोरच्यावर. मी तिच्यावर खेकसलो. काल का नाही बोललीस? रात्रभर अशीच पडून राहिलीस? तुला काही अक्कल?

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"काल सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं तू आज गेला असता का?"

मी तिच्या पायाशी बसलो. तिनं डाव्या हातानं माझं ओलं डोकं चाचपलं आणि म्हणाली, केस पुस, सर्दी होईल.

दवाखान्यात तिचं हाड बसवलं, कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवडे म्हणाले. त्या सहा आठवड्यांत शाळाही चालू होती. मी समुद्रात साठ फुटांवर, मग शंभरावर जायला शिकलो, दाबाच्या टाकीत रोग्याबरोबर बसायला शिकलो, आणि संध्याकाळी येऊन स्वयंपाक करायला शिकलो. शेवटचं काही मला जमलं नाही. माय डाव्या हातात चमचा धरून माझी डाळ खायची आणि म्हणायची, त्या चीफले खाऊ घाल, तुले लगेच सोडून देईल.

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी शाळा संपली. धक्क्याजवळ मोकळ्या जागेत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, शंभरेक माणसं असतील. ऊन असं की कॉलर मानेला चिकटत होती. विनीता आणि आमची मुलगी आदल्या दिवशी आल्या होत्या. तिथली रीत अशी की पास झालेल्या माणसाच्या छातीवर डायव्हरचा बिल्ला त्याच्या घरचं कुणीतरी लावतं. कुणाची बायको, कुणाचा बाप. विनीतानं लावायचा असं ठरलं होतं, मीच ठरवलं होतं. आमचं नाव पुकारल्यावर तिनं शाळेच्या प्रमुख कॅप्टनच्या हातातून बिल्ला घेतला, मागे वळली आणि मायच्या हातात ठेवला.

"आई, तुम्हीच लावा," ती म्हणाली. त्या दोघींचं पटत नाही असं मी पुन्हा कधी म्हणणार नाही.

माय पुढे आली. पांढरं पातळ, पायात माझे मोजे आणि कॅनव्हासचे बूट, उजवा हात प्लास्टरमध्ये. बाकीच्यांना दहा-दहा सेकंद लागले होते. टाचणी टोचली, गालाला गाल लावला, फोटो काढला, पुढचा. मायनं बिल्ला डाव्या हातात घेतला. ती माझ्या खांद्यालाही पुरत नाही. टाचणी कापडात जाईना. गेली तर मागून निघेना. तिनं प्लास्टरची कड माझ्या छातीला टेकवून आधार घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. बिल्ला निसटला, खाली पडला. कॅप्टन वाकले, तो उचलून फुंकर मारून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. विनीता उठायला लागली, मायनं मानेनंच नको म्हटलं. मी थोडं वाकायला गेलो.

"हालू नको," ती म्हणाली.

मी ताठ उभा राहिलो. माझ्यामागे अजून दोन डॉक्टर उभे होते, त्यांच्या बायका, एकाचे म्हातारे वडील, कॅप्टन, चीफ डॉब्स, खुर्च्यांवरची ती सगळी माणसं. सगळे थांबले होते. कुणी घड्याळ पाहिलं नाही. माझ्या मायला पाण्यासाठी लोकांनी आयुष्याची किती वर्षं उन्हात उभं करून ठेवलं, ते मोजता येणार नाही. त्या दिवशी सगळे उन्हात तिच्यासाठी थांबले, आणि तिला अजिबात घाई नव्हती. माझे डोळे भरून आले होते, पण पुसायला हात उचलता येत नव्हता.

टाचणीचा खटका बसला. तिनं डाव्या तळहातानं बिल्ला दोनदा दाबून पाहिला, पक्का लागला ना म्हणून. मग माझ्या खांद्याआडून वाकून रांगेतल्या पुढच्या माणसाकडे पाहिलं आणि मानेनं त्याला खूण केली, या आता.